खुर्ची न धरता

"काय खांबेटेकाकू, अजून खुर्ची सुटत नाही?" दोन्ही हात हवेत नाचवत मी रोज खिजवायचो.

गुडघ्याचं ऑपरेशन झालेले आम्ही सहा जण मोबाईलवर एकत्र व्यायाम करायचो. फिजिओ मॅडम बजावायच्या, "खुर्ची धरूनच उठबस करा." मी मात्र गुपचूप उंच स्टुलावर बसून नुसता वरखाली हलायचो. कॅमेऱ्यात कंबरेवरचंच दिसायचं.

आज काकू पलंगावर दिसल्या. हात प्लास्टरमध्ये होता.

"खुर्ची सोडून बघितली आणि धाडकन आपटले," त्या हसत म्हणाल्या. "तुम्हाला कसं जमतं हो, भाऊ? मला बाई नाहीच जमलं."

मी मोबाईल हळूच खाली वळवला.

स्टूल सगळ्यांना दिसलं. कुणीच हसलं नाही.