विळ्याचा डाग

डॉक्टर वैदेहींनी पदर बाजूला केला आणि हातातलं सोनोग्राफीचं यंत्र तसंच खाली ठेवलं. कोंडाबाईंच्या छातीतल्या गाठीवर तापल्या विळ्याचा डाग होता. ताजा, कडेनं पाणी धरलेला.

“हे कुणी केलं?”

कोंडाबाई छताकडे बघत राहिल्या. लेकीनं, धनश्रीनं, वळून बापाकडं पाहिलं. हैबती दारात उभे होते. त्यांनी मान खाली घातली.

डॉक्टरांनी आवाज चढवला नाही, पण हातमोजे काढून टाकले. आज शिरेतून बारीक बुडबुडे सोडायचे होते. अंगातली लढणारी फौज गाठीत जिथं शिरली असेल, तिथं ते चिकटतात आणि सोनोग्राफीत तेवढी जागा उजळते. मागच्या खेपेला गाठ काळीकुट्ट दिसली होती. त्या फौजेला जागं करणाऱ्या औषधाच्या दोन डोसांनंतर ती उजळते का, यावरच औषध चालू ठेवायचं की बदलायचं, ते ठरणार होतं. पण भाजल्या जागेकडंही तीच फौज धावते; आता भाजलेलं मांसच उजळलं असतं. ते भरायला महिना तरी हवा, आणि गाठ काही महिनाभर वाट बघत बसणार नाही. यापुढं औषध अंदाजानंच.

दवाखान्यातून परतताना कापूरहोळच्या फाट्यापर्यंत धनश्रीनं कळ काढली. तिची तान्ही पोर उत्रोलीला सासूजवळ होती. सकाळपासून दूध दाटून छाती ठणकत होती, ब्लाऊज भिजला होता. भोरची एसटी लागलेली नव्हती. तिथंच ती बापावर तुटून पडली.

“आबा, आय काय गोठ्यातली गाय हाय? सुजलं की डागलं?”

ढाब्यावरची माणसं वळून बघायला लागली. ती थांबली नाही. नातीला आता तुमच्या वाडीवर आणणार नाही, म्हणाली. तुमच्या हातात द्यायचीच नाही, म्हणाली. हैबतींनी अख्ख्या डोंगरातली गुरं डागली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटी ते एवढंच म्हणाले, “व्हय. चुकलं.”

“त्यास्नी बोलू नगं,” कोंडाबाई म्हणाल्या. “ते रानात हुते. म्याच इळा तापवला.”

धनश्री गर्रकन आईकडं वळली. आईनं तिच्या ओल्या छातीवर पदर सारखा केला.

“तूच समजावून सांगितलंस न्हवं, गाठ घरचीच वाटती म्हनून अंगातली राखण झोपून ऱ्हाती. मग म्या चटका देऊन तिला उठिवली.”