अंधूक सोबती

पाच कोटी प्रकाशवर्षं दूरची एक बटू दीर्घिका.
हातोदचं दोन खोल्यांचं घर.
सकाळी सातला एक रिंग.

एवढ्याशा दीर्घिकेभोवती आणखी फिक्या, अजून कुणालाच न दिसलेल्या दीर्घिका किती फिरत असतील, याचा अंदाज बांधणं हे शैलजाचं इंदूरमधलं काम. तिचं उत्तर होतं, तीन. हातोदला एकटी राहणारी आई हसायची, "त्यातली एखादी माझ्याकडे पाठव." आई रोज सातला एक रिंग देऊन फोन ठेवायची. म्हणजे सगळं ठीक. उचलायचा नाही, असं ठरलेलं.

शुक्रवारी शैलजाने या कामाचा पेपर जर्नलला पाठवला. शनिवारी सातची रिंग वाजतच राहिली, म्हणून तिने फोन उचलला. शेजारच्या कमलमावशी होत्या.

"बेटा, आई गेल्या."

"काल तर रिंग आली होती."

"मंगळवारपासून मीच देत होते. त्यांना उठताच येत नव्हतं. बोलल्या, पोरीचा पेपर होऊ दे, फिर बता देना."



त्याआधी सोमवारी आईची रिंगही वाजतच राहिली होती. शैलजाने ती कापली होती.