ब्रेक ठीक आहेत

"ब्रेक ठीक आहेत, सर," शेफाली म्हणाली. "मशीनवर तपासले, हायवेवर चालवूनही पाहिले. काही सापडलं नाही."

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरपाशी इंद्रजित उभा होता. मागे सोफ्यावर त्याचे वडील, गेनबा, डोळे मिटून बसले होते. ते नुकतेच डायलिसिस करून आले होते. एस्टीनं पुण्याहून गावाला, पासलीला पोचेपर्यंत म्हातारा अर्धा व्हायचा, म्हणून तर इंद्रजितनं ही नवी गाडी घेतली होती.

"मॅडम, सपाटीला लागतोच ब्रेक. उतारावर पेडल पार तळाला जातं. सोमवारी डोंगराच्या बाजूला घातली म्हणून थांबली. दुसऱ्या बाजूला दरी हाय."

"घासलेलं दार इन्शुरन्समधून होईल."

"दाराचं सोडा. ब्रेक वॉरंटीत हाय का न्हाई?"

"दोष सापडला तर आहे. सापडलाच नाही, तर कंपनीला काय कळवू?"

"मग बाहेर उघडून बघतो."

"बाहेर उघडलं तर वॉरंटी जाते, सर."

इंद्रजित म्हणाला, "तुमच्यातलं कुणीतरी चला आमच्यासंगं. उतारावर दाखवतो. परत आणून सोडतो."

शेफालीनं आत काचेच्या केबिनकडं पाहिलं. आवाज खाली आणून ती म्हणाली, "मी विचारलं होतं. एवढ्या लांब कुणाला पाठवत नाहीत." आणि तिनं किल्ली काउंटरवर ठेवली.

घरच्या वाटेवर वेल्हे मागं पडलं तेव्हा उन्हं कलली होती. त्या उताराच्या तोंडाशी इंद्रजितनं गाडी कडेला घेतली. पेडल दाबून पाहिलं. सोडलं, पुन्हा दाबलं. घट्ट लागत होतं. सोमवारीही हितं घट्टच लागलं होतं.

"इंद्रा," गेनबा म्हणाले, "शुक्रवारी न्हाई जायचं."

"आबा, एक बारी चुकवून चालत न्हाई. डॉक्टर काय म्हनले, ऐकलं न्हवं तुमी?"

"एका बारीचं न्हाई म्हनत मी."

इंद्रजितनं वळून पाहिलं. गेनबा समोर काचेतून रस्त्याकडं बघत होते.

"एस्टीनं नेतो तुमाला. मी येतो संगं."

"एस्टीत बसायचं बळ न्हाई ऱ्हायलं." गेनबा थांबले. "आन् हितनं मला नेता नेता तू गेलास, तर तुझ्या पोरींकडं कोन बघंल?"

इंद्रजितला काहीतरी बोलायचं होतं. दुसरी गाडी बघू, कुणाची तरी मागून आणू, असं काहीतरी. पण आठवड्यातून तीनदा, आबा असेपर्यंत, कोण देणार होतं?

त्यानं पहिला गिअर टाकला. गाडी उताराला लागली. पहिल्या वळणाआधी त्यानं ब्रेकवर पाय ठेवला आणि पेडल पायाखालून निसटल्यासारखं खाली गेलं.

शेजारून गेनबांनी हँडब्रेक दोन्ही हातांनी धरला आणि अंगात होतं नव्हतं तेवढं बळ लावून वर ओढला. उतार संपेपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.