झिजलेला टायर

टायरवाल्यानं जुन्या टायरवरून अंगठा फिरवला. "पार गुळगुळीत झालेत! साहेब, गाडी भरपूर फिरवता तुम्ही."

माझे यजमान नुसते हसले. त्यांना गाडी चालवायची भीती. याआधीचे टायर झिजलेच नव्हते, अंगणात उभ्या उभ्या तडकले होते. तेव्हा चिडून, पन्नाशीत, मी गाडी शिकले. बाजार, माहेर, फोंडा घाट, काही सोडलं नाही.

"साधेच बसवू ना, साहेब? गावातल्या गावात चालतील."

"घाटात पकड धरणारे दाखवा," मी म्हटलं. आता कुठे त्यानं माझ्याकडे पाहिलं.

नवे टायर बसले. यजमानांनी चाकांखाली लिंबं ठेवली. मग एक जुना टायर उचलून डिकीत टाकला.

"तो कशाला, साहेब?"

"आल्यागेल्याला दाखवायला. हिनं झिजवलाय," म्हणत ते डावीकडे जाऊन बसले.