जिवाणूंचा वाटा

वाडीतल्या बायकांनी मासे धुतलेलं पाणी शाळेमागच्या खड्ड्यात साचायचं आणि मुरत मुरत खाडीला मिळायचं. वासाला कंटाळून लोकांनी खड्डा बुजवायचं ठरवलं, तेव्हा हरिश्चंद्र मास्तर एकटे आडवे आले. "त्या चिखलातले जिवाणू घाणीतला नायट्रोजन हवेत सोडतात. खड्डा बुजवलात तर सगळी घाण थेट खाडीत जाईल आणि शिंपल्यांतली कालवं मरतील."

"वल्ह्यार बसणाऱ्याक वाटो मिळता, मास्तर," होडीचा म्होरक्या विठोबा तांडेल हसला. "तुमच्या जिवाणूंचो वाटो कितको, ता सांगा!"

मास्तरांनी दोन बरण्यांत तेच पाणी आणि तोच चिखल भरला. एकीतला चिखल उकळून जिवाणू मारलेले, दुसरीतले जिवंत. आठ दिवसांत जो फरक पडेल, तो जिवाणूंचा वाटा. बरण्या त्यांनी शेजारच्या पद्मावतीच्या पडवीत ठेवल्या.

"सांभाळ गो. खाडी ह्याच्यावर आसा."

"पोरांसारख्यो जपान ठेवतंय, मास्तर."

नवव्या दिवशी मास्तरांनी सगळ्यांसमोर मालवणहून आणलेल्या औषधाचे थेंब टाकले. घाण जितकी जास्त, तितकं पाणी पिवळं होणार होतं. दोन्ही बरण्यांतलं पाणी सारखंच पिवळं झालं.

"वाटा शून्य. मीच चुकलो," मास्तर मान खाली घालून म्हणाले. दुपारपर्यंत खड्डा बुजला.



पद्मावतीनं दोन्ही बरण्या विसळायला घेतल्या. जिवंत जिवाणूंच्या बरणीला वास सुटला तेव्हा मास्तरांची वस्तू नासू नये म्हणून तिनंच तिच्यात दोन मुठी मीठ मारलं होतं, आणि मिठात जीव तगत नाही हे मासे खारवणाऱ्या बाईला कुणी शिकवावं लागत नाही.