समोरची टपरी

किंमत ऐकून तिसरं गिऱ्हाईकही "घरी विचारून येतो" म्हणालं आणि सरळ रस्ता ओलांडून निकेशच्या टपरीत शिरलं. काचेच्या काउंटरमागे भुपेंद्रच्या अंगाचा तिळपापड झाला.

कारध्यात स्मार्टफोनचं पहिलं दुकान त्याचं. कंपनीचा मोठा बोर्ड, झगमग दिवे, सगळं होतं. पण मलई कंपनी खायची, दुकानदाराच्या वाट्याला खरवड. आणि समोरचा हा निकेश! जुने फोन दुरुस्त करून नव्याच्या चौथाईत विकायचा. धानाचे पैसे हाती आले की पार करडी गावापासूनची माणसं त्याच्याच दारात उभी.

"एवढा माल येते कुठून त्याच्याकडं?" डबा घेऊन आलेल्या बायकोवर भुपेंद्र खेकसला.

"तुमी आधी जेवा," अंजू म्हणाली.

तिनं कोपऱ्यातली गोणी उचलली. नवा फोन घेणाऱ्याचा जुना, बिघडलेला फोन भुपेंद्र किरकोळ सूट देऊन ठेवून घ्यायचा आणि त्या गोणीत फेकायचा. त्याच्या लेखी तो कचरा.

"भंगारात देऊन टाक. अन् दुकानाचं भाडं?"

"देलं."

दुकानाचा हिशेब अंजूच बघायची. भुपेंद्रला कुठली सवड! त्याचा सगळा जीव समोरच्या टपरीत अडकलेला. तिथे कोणी हसलं तरी याला इकडे ठसका लागायचा.

शेवटी त्याच संध्याकाळी त्याला राहवलं नाही. निकेश चोरीचे फोन विकतो, अशी त्यानं तक्रार ठोकली. दुसऱ्याच दिवशी पोलिस आले. भुपेंद्र दारात उभा राहून मजा बघू लागला.

"माल कोण देते?" हवालदारानं विचारलं.

निकेशनं एकदा रस्त्यापलीकडे पाहिलं, मग मान खाली घातली.

"नाव नाही सांगत साहेब. शब्द देला आहे."

"पावत्या?"

"नाही जी."

झालं. माल जप्त झाला, टपरीला कुलूप लागलं. भुपेंद्रला आभाळ ठेंगणं झालं. किती महिन्यांनी त्याच्या पोटातली आग विझली होती! त्यानं लगेच पेढे मागवले.

दुपारी अंजू आली. एका हातात डबा, दुसऱ्या हातात कालचीच गोणी. समोरचं कुलूप पाहून ती पायरीवरच थांबली.

"हे काय झालं जी?"

"चोर निघाला तो! मीच पकडून देलं. घे, पेढा घे. आता सगळे गिऱ्हाईक आपले."

अंजूनं पेढा घेतला नाही. तिच्या हातातली गोणी जमिनीला टेकली, आतले फोन खडखडले.

"अन् ही गोणी काहून वापस आणली? भंगारात नाही देली?"

अंजूनं समोरच्या कुलपाकडे बोट दाखवलं.

"आपल्या दुकानाचं भाडं आता कोण देईन जी?"