नवखा

"संगणकासाठी मी बनवलेली लिनक्सची आवृत्ती उचलली, वर चार रंगीत चित्रं चिकटवली, आणि लोक माझी सोडून तिची वापरतायत!" हेजीब सर करवादले. ती म्हणजे तस्लीम, त्यांचीच जुनी विद्यार्थिनी.

"मग जाऊन बघा की, ती काय वेगळं करते ते," आतून बायको म्हणाली.

सर गेले, पण खोट्या नावानं. तस्लीमच्या ऑनलाइन मदत-फोरमवर 'नवखा' म्हणून त्यांनी मुद्दाम बाळबोध प्रश्न टाकला : "मी अगदी नवीन आहे. प्रिंटर चालत नाही. काय करू? मॅन्युअल, पान ११२ पाहिले." सरांच्या स्वतःच्या फोरमवर असल्या प्रश्नांना वर्षानुवर्षं एकच उत्तर मिळे : आधी मॅन्युअल वाचा.

चहा निवायच्या आत तस्लीमचं उत्तर आलं. "प्रिंटर बंद करून पुन्हा सुरू करा, मग सेटिंगमध्ये जाऊन 'जोडा' दाबा. अडलं तर फोन करा, मी आहे. आणि सर, मॅन्युअल वाचून येणारा नवखा मी आजवर पाहिलेला नाही. कसे आहात?"

सर इतके खदखदून हसले, की बायको बाहेर आली.

मग त्यांनी आपला ओसाड फोरम उघडला. तिथंही कुणाचा तरी प्रिंटर आठवडाभर अडून बसला होता. 'आधी मॅन्यु' एवढं बोटांनी सवयीनं टाइप केलंच. सरांनी ते खोडलं आणि लिहिलं, "बसा, सांगतो. मीही आजच शिकलो."